वसाहत आणि वेठ



‘वसाहत’ हा शब्द सिल्वासात जपून उच्चारावा. मराठी आरमाराने केलेल्या एका जहाजाच्या नुकसानीच्या भरपाईपोटी १७८३ साली पेशव्यांनी नगरहवेली पोर्तुगीजांच्या हवाली केली. तिथल्या वारली-कोकणांना कोणी विचारले नाही. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. आज तिथे कारखाने उभे आहेत, आणि त्यांच्या आवारालाही आपण औद्योगिक वसाहत असेच म्हणतो!

आता तिसऱ्या वसाहतीच्या वार्ता येत आहेत. इलॉन मस्क या अब्जाधीशांना मंगळावर नगर वसवायचे आहे. ज्याच्याजवळ भाड्याचे पैसे नसतील त्याला कर्ज मिळेल आणि मंगळावर काम पुष्कळ असेल, असे त्यांनी जानेवारी २०२० मध्ये जाहीरपणे सांगितले.

हे ऐकून सिल्वासाशेजारच्या उंबरगाव-डहाणूचा इतिहास आठवल्यावाचून राहत नाही. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यावे आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोने त्याच्या घरी राबावे, अशी तिथे रीत होती. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज थोडे असे; राबणे मात्र सरत नसे. १९४५ साली शामराव व गोदावरी परुळेकरांच्या साहाय्याने वारली संघटित झाले. त्यांनी वेठ नाकारली, आणि वाजवी मजुरीवाचून गवत कापणार नाही, असे निक्षून सांगितले.

त्यांना ते सांगता आले, कारण पायांखाली जमीन होती, भोवती रान होते आणि श्वासाला कोणाची परवानगी लागत नव्हती. मंगळावरील हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी आहे. तेथे प्राणवायू यंत्रातून निघणार, आणि यंत्र मालकाचे असणार. अशा ठिकाणी संप कोणाच्या बळावर करावयाचा?

१९६७ च्या अंतराळ करारान्वये कोणत्याही राष्ट्राला चंद्रावर वा ग्रहांवर स्वामित्व सांगता येत नाही. परंतु तिथे राबणाऱ्याचे कामाचे तास, मजुरी यांविषयी त्यात एक अक्षरही नाही.

माणसाने आकाशाकडे झेप घेऊ नये, असे माझे म्हणणे नाही. पहिले यान निघण्यापूर्वी कायदा व्हावा, एवढेच मागणे आहे: भाड्याच्या कर्जापायी कोणाचे श्रम गहाण पडू नयेत, हवा व पाणी मजुरीतून कापले जाऊ नये, आणि परतीचे भाडे मालकाने आधीच अनामत ठेवावे. वेठ मोडून पडायला इथे पिढ्या गेल्या. ती पुन्हा नव्या जागी रुजू देऊ नये.