बोलावणारी ओळखीची हवी

गर्भाशयमुखाचा कर्करोग सावकाश वाढतो. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग शरीरात टिकून राहिला, तर तिथल्या पेशी बिघडू लागतात. त्यांचा कर्करोग व्हायला सहसा पंधरा-वीस वर्षे लागतात. तेवढ्या काळात पॅप तपासणी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी झाली, तर रोग होण्याआधीच थोपवता येतो.

१९७५ नंतर व्हिएतनाममधून हजारो कुटुंबे अमेरिकेच्या आश्रयाला गेली. १९८८ ते १९९२ च्या नोंदींनुसार तिथल्या व्हिएतनामी स्त्रियांत या कर्करोगाचे प्रमाण लाखामागे ४३ होते, म्हणजे गोऱ्या स्त्रियांच्या सुमारे पाचपट. काही दुखत-खुपत नसताना डॉक्टरकडे जाण्याची सवय नव्हती. पुरुष डॉक्टरचा संकोच, परकी भाषा आणि खर्चाची धास्ती यांमुळे तपासणी राहून जाई.

कॅलिफोर्नियातील सांता क्लारा परगण्यात यावर एक प्रयोग झाला. व्हिएतनामी समाजातल्याच ५० स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. प्रत्येकीने आपल्या ओळखीपाळखीतल्या वीसेक जणी गाठल्या. लहान गटाच्या दोन बैठका होत. सेविका चित्रांचे तक्ते उलटत तपासणीची माहिती मायबोलीत सांगे, शंका फेडी. तुलनेसाठी दुसऱ्या गटापर्यंत फक्त व्हिएतनामी रेडिओ, दूरचित्रवाणी आणि वृत्तपत्रांतला प्रचार पोहोचला.

२००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केवळ प्रचाराने तपासणी झालेल्यांचे प्रमाण ७० टक्क्यांवरून ७५ वर गेले. सेविकांची जोड मिळाली तिथे ते ६६ वरून ८२ टक्क्यांवर पोहोचले. पूर्वी कधीच तपासणी न केलेल्यांपैकी प्रचाराच्या गटात २७ टक्के, तर सेविकांच्या गटात ४६ टक्के स्त्रियांनी ती करून घेतली.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून केलेल्या मोठ्या अभ्यासात तर दहावीपर्यंत शिकलेल्या सेविकांनी प्रशिक्षण घेऊन स्वतःच तपासणी केली. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून डाग पाहण्याची ती साधी पद्धत होती. या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे ३१ टक्क्यांनी घटले.

माहिती रेडिओवरूनही पोहोचते. पण संकोच आणि भीती दूर व्हायला समोर बसलेले विश्वासाचे माणूस लागते. भारतात तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी ॲसिटिक आम्लाची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. आरोग्यसेविका आशाताई बोलवायला आल्या, की टाळाटाळ करू नये. त्यांच्याबरोबर जाऊन यावे आणि शेजारणीलाही सोबत न्यावे.