माणूस एक, आजार अनेक



आरोग्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा रुग्णालयांची होते. किती खाटांचे रुग्णालय उभे राहिले, कोणते नवे यंत्र आले, कोणत्या विषयाचा तज्ज्ञ आठवड्यातून एकदा येऊ लागला, यावरून एखाद्या भागाची वैद्यकीय प्रगती मोजण्याची सवय समाजाला जडली आहे. या सोयींचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. परंतु यंत्रे आणि खाटा मोजून न सुटणारा एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो चौसाळ्यासारख्या गावात अधिक तीव्रतेने जाणवतो.

साठी ओलांडलेली एक वृद्धा कल्पनेत आणावी. तिला मधुमेह आहे, रक्तदाब आहे, गुडघे धरले आहेत, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे आणि पती गेल्यापासून रात्रीची झोप उडाली आहे. हिने कोणाचे दार ठोठवावे? बीड-धाराशिव रस्त्यावरच्या या गावातून ती बीडला जाईल, अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात जाईल, नाहीतर सोलापूर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठील. साखरेचा डॉक्टर साखरेची गोळी देईल, हाडांचा डॉक्टर दुखण्याची गोळी देईल. दुखण्याची काही औषधे रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात, हे दोघांनाही ठाऊक असते. मात्र एकाने लिहिलेली चिठ्ठी दुसऱ्याच्या टेबलावर पोहोचतेच असे नाही. पाच आजारांच्या पाच चिठ्ठ्या एका पिशवीत गोळा होतात. त्या पाचही एकत्र वाचणारा कोणी नसतो. आजारांना वैद्य मिळतात, माणसाला वैद्य मिळत नाही.

हा प्रश्न केवळ करुणेचा नाही; तो शास्त्राचाही आहे. जगभरात विद्यापीठांतील संशोधकांचे गट गेली काही दशके त्याच्यावर काम करीत आहेत. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉ. बार्बरा स्टारफील्ड यांनी प्राथमिक आरोग्यसेवेची चार लक्षणे सांगितली. पहिल्या हाकेला धावून येणारी, वर्षानुवर्षे त्याच माणसाला ओळखणारी, बहुतेक साऱ्या गरजा एका ठिकाणी भागवणारी आणि पुढच्या तज्ज्ञांकडील उपचारांची सांगड घालणारी, अशी ही सेवा असावी. मराठी घरांतील जुन्या पिढीला यात ‘घरचा डॉक्टर’ दिसेल. ‘प्राथमिक’ या शब्दाने अनेकांचा गैरसमज होतो. प्राथमिक म्हणजे कनिष्ठ नव्हे, प्राथमिक म्हणजे पायाभूत.

2012 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्कॉटलंडमधील एका संशोधक गटाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 314 दवाखान्यांतील सुमारे साडेसतरा लाख लोकांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. एकाच व्यक्तीला दोन किंवा अधिक दीर्घकालीन आजार असण्याचे प्रमाण 23 टक्क्यांहून अधिक निघाले. याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा, की गरीब वस्त्यांतील माणसांना हे आजार सुखवस्तू वस्त्यांतील लोकांपेक्षा दहा ते पंधरा वर्षे आधी गाठतात. वेल्समधील खाणकामगारांच्या गावात आयुष्य वेचणारे डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी 1971 मध्येच एक कठोर नियम मांडला होता. जिथे गरज सर्वाधिक, तिथे चांगली वैद्यकीय सेवा सर्वांत कमी. त्यांनी हा नियम ‘उलटा’ म्हटला. मराठवाड्यातल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

मग असे शोधकार्य केवळ परदेशातच झाले काय? तसे मुळीच नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि नंतर महाराष्ट्राच्या पार पूर्व टोकाचा गडचिरोली जिल्हा निवडला. 1986 पासून तेथे ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू झाले. पहिल्याच मोठ्या अभ्यासाने जगाचे डोळे उघडले. दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी करण्यात आली. त्यांतील 92 टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. दर स्त्रीमागे सरासरी 3.6 रोग होते. आणि यापूर्वी तपासणी व उपचार लाभलेल्या स्त्रिया होत्या केवळ 8 टक्के. 1989 च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला. त्या काळी ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच समजले जाई. एका देहात साडेतीन रोग मुकाट्याने वागवणारी स्त्री शासनाच्या कोणत्याही नोंदवहीत नव्हती, कारण ती रुग्णालयात आलीच नव्हती.

त्यानंतरचा प्रयोग नवजात बालकांचा. 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण देण्यात आले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास कोंडला तर तो सुरू करणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखून प्रतिजैविक देणे ही कामे त्या करू लागल्या. तुलनेसाठी 47 गावे वेगळी ठेवली होती. 1999 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेच्या गावांचा विचार करता नवजात बालकांचे मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटले होते. जे काम रुग्णालयातील तज्ज्ञांनीच करावे असे मानले जाई, ते अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रिया नीट शिकवल्यास सुरक्षितपणे करू शकतात, हे आकड्यांनी सिद्ध झाले. 2011 मध्ये भारत सरकारने घरोघरच्या नवजात बालसेवेची योजना आशा कार्यकर्तींमार्फत देशभर स्वीकारली.

तिसरा अभ्यास आजच्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या 86 गावांतील मृत्यूंची कारणे शोधली. हिवताप, हगवण अशी उत्तरे अपेक्षित असलेल्या या भागात पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले पक्षाघात! शंभरातील चौदांहून अधिक मृत्यू त्याने झाले होते, आणि बहुतेकांनी घरीच प्राण सोडला होता. 2015 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. शहरी, श्रीमंती मानला गेलेला रोग अरण्याच्या कडेला पोहोचला होता आणि त्याची चाहूल कोणालाही लागली नव्हती. रक्तदाब मोजायला घरापर्यंत कोणी येत नसेल, तर तो वाढल्याचे कळते ते माणूस अंथरुणाला खिळल्यावरच.

या तिन्ही अभ्यासांची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. रुग्णालयात बसून आलेल्यांची गणती करायची नाही. गावातल्या प्रत्येकाची गणती करायची. मृत्यूचा दाखला नसेल तर घरच्यांना विचारून अखेरच्या दिवसांचा तपशील मिळवायचा आणि त्यावरून कारण ठरवायचे. उपाय केला त्या गावाशेजारी उपाय न केलेले गावही तपासायचे, म्हणजे यश खरे की भास हे उमगते. अशा संशोधनाला प्रयोगशाळेच्या भिंती नसतात. तेथे चिकाटी लागते आणि लोकांचा विश्वास लागतो.

बीड जिल्ह्याच्या सीमेलगतच्या जामखेडचे उदाहरण तर चौसाळ्याच्या उंबरठ्यावरचे. दुष्काळाच्या झळा सोसणाऱ्या त्या तालुक्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम आरंभले. गावाने निवडलेली स्त्री, बहुधा निरक्षर, पुष्कळदा उपेक्षित जातीतील, हीच त्यांची आरोग्य कार्यकर्ती. बाळंतपण, क्षय, कुष्ठरोग, पिण्याचे पाणी, बालकांचे कुपोषण हे सारे तिच्या एकाच नजरेखाली होते, कारण गावात ते एकत्रच नांदत होते. 1979 मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार लाभला आणि जगभरातून अभ्यासक जामखेडला शिकायला येऊ लागले.

आता पुन्हा बीड जिल्ह्याकडे वळू. दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची लक्षावधी बिऱ्हाडे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाची उचल डोक्यावर असते, आणि एक दिवस काम चुकले की खाडा पडतो. फडात आडोसा नाही, स्वच्छतेची सोय नाही, पाळीच्या दिवसांत विश्रांती नाही. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांचा प्रश्न तपासला. पाहणी झालेल्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढून टाकलेली होती. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे सुमारे एक.

हे आकडे 1989 च्या गडचिरोलीच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहावेत. ग्रामीण स्त्रीच्या देहात उपचाराविना राहिलेले रोग किती आहेत, हे शास्त्राने तीस वर्षांपूर्वीच सांगितले होते. त्यांतील पुष्कळसे रोग जंतुसंसर्गाचे, म्हणजे वेळीच तपासले तर साध्या औषधांनी आटोक्यात येणारे. गावात तपासणारी विश्वासू स्त्री असती, तिच्या पाठीशी एक डॉक्टर असता, तर कितीतरी जणींची शस्त्रक्रिया टळली असती. पहिली पायरी नसल्यामुळे त्या थेट शेवटच्या पायरीवर पोहोचल्या. ज्ञान नव्हते म्हणून हे घडले नाही. ज्ञान गावापर्यंत पोहोचले नाही म्हणून घडले.

स्थलांतराचा आणखी एक परिणाम सहसा नजरेत येत नाही. क्षयरोगाचा नेहमीचा औषधोपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. उसाचा हंगामही जवळपास तेवढाच. गावात उपचार सुरू झालेला रुग्ण फडावर गेला की त्याचे नाव एका नोंदवहीत आणि तो स्वतः दुसऱ्या जिल्ह्यात, अशी अवस्था होते. रक्तदाबाची, मधुमेहाची गोळी तर आयुष्यभराची. मागे घरी राहतात ती वृद्ध माणसे आणि शाळेत जाणारी मुले. म्हणजे ज्यांना अनेक आजार आहेत तेच सोबतीविना असतात. ‘वर्षानुवर्षे त्याच माणसाला ओळखणारी सेवा’ हे लक्षण येथे पुस्तकातून जसेच्या तसे उचलून चालणार नाही. माणूस हलतो तर सेवेनेही त्याच्यामागे हलायला हवे, आणि ते कसे, हा खरा संशोधनाचा विषय आहे.

येथे एक आक्षेप रास्त म्हणून ऐकला पाहिजे. ध्येयवेड्या दांपत्यांच्या हाताखाली फुललेले प्रयोग सरकारी यंत्रणेत गेले की कोमेजतात, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. 2005 पासून आशा कार्यकर्ती गावोगाव आल्या, परंतु त्यांच्या मोबदल्याचा मोठा भाग कामागणिक ठरतो. प्रत्येक रोगाचा कार्यक्रम वेगळा, नोंदवही वेगळी, वरचा अधिकारी वेगळा. पाच आजारांची वृद्धा पाच कार्यक्रमांत विभागली जाते. 2018 पासून उपकेंद्रांचे रूपांतर होऊ लागले आणि आज ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रांत तिशीवरील सर्वांची रक्तदाब-मधुमेहाची तपासणी अपेक्षित आहे. ही दिशा योग्यच. तथापि तपासणी म्हणजे उपचार नव्हे, आणि एकदा दिलेली गोळी म्हणजे सातत्य नव्हे. तपासलेल्यांपैकी वर्षभराने किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आहे, हे मोजले तरच केंद्राचा उपयोग कळेल.

हे मोजण्याचे सामर्थ्य याच जिल्ह्यात आहे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय ग्रामीण भागासाठीच स्थापन झाले. तेथील अध्यापक आणि विद्यार्थी, गावच्या आशा कार्यकर्ती आणि शिकलेली तरुण मुले यांनी मिळून चौसाळा परिसरातील घरे विचारली, तर काही साधे प्रश्न सुटू शकतील. दोन किंवा अधिक दीर्घ आजार असलेली माणसे किती? त्यांतली किती जण हंगामात बाहेर जातात? औषध अर्धवट सुटते ते पैशांअभावी, अंतरामुळे की गैरसमजामुळे? गर्भाशय काढलेल्या स्त्रियांची हाडे, झोप, कामाची ताकद आज कशी आहे? अखेरच्या प्रश्नाचे उत्तर तर या जिल्ह्याचे त्या स्त्रियांकडे देणे आहे.

समाजसेवेत उतरलेल्या कार्यकर्त्यालाही येथे पुष्कळ करता येईल, आणि त्यासाठी देणगीची मोठी पावती फाडावी लागत नाही. आपल्या गल्लीतील अशा प्रत्येक रुग्णासाठी एकच वही करावी. सर्व आजार, सर्व औषधे आणि प्रत्येक तपासणीचे आकडे त्या एकाच वहीत लिहावेत. दवाखान्यात जाताना वही सोबत न्यावी आणि डॉक्टरांना नम्रपणे ती पूर्ण वाचण्याची विनंती करावी. बिऱ्हाड फडावर निघण्याआधी महिनाभराची औषधे बांधून द्यावीत आणि तेथील जवळच्या सरकारी केंद्राचे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. मागे राहिलेल्या आजी-आजोबांच्या घरी आठवड्यातून एकदा डोकवावे. त्यात औषध देण्याचा अधिकार आपला नाही, हे भान मात्र सदैव ठेवावे. निदान आणि उपचार डॉक्टरांचेच.

यंदा कोयते बाहेर पडण्यापूर्वी चौसाळ्यात अशा पन्नास वह्या तयार झाल्या आणि हंगाम संपल्यावर त्या पन्नासही उघडून पाहिल्या गेल्या, तर त्यांतून रुग्णांचा उपचार सुरू राहील आणि संशोधनाचाही प्रारंभ होईल. हे काम आरंभण्यास दिवाळीपर्यंतचा अवधी पुरेसा आहे.