हात ज्याचा, माप त्याचे
(वार्षिक समारंभात एका पालकाने केलेले भाषण)



 मी काही विद्वान वक्ता नव्हे. टंकलेखक म्हणून कचेरीत शिरलो आणि तेथूनच निवृत्त झालो. तेव्हा मोठ्या विषयाला हात न घालता घरात घडलेली एक हकीकत आपल्यापुढे ठेवतो.

माझ्या मुलीचा उजवा हात लहानपणच्या अपघातात निकामी झाला. अभ्यासात ती हुशार, बी.कॉम.ला गेली. परंतु संगणकापुढे बसली की तिच्या डाव्या हाताला कीबोर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावावे लागे. संध्याकाळपर्यंत मनगट सुजून येई. एका हाताने चालवायचे कीबोर्ड जगात मिळतात. इंग्लंडची माल्ट्रॉन कंपनी ते बनविते. पण त्यांची किंमत काहीशे पौंड. निवृत्तिवेतनात ते कसे बसावे? म्हणून मोहल्ल्यात रेडिओ व टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाकडे गेलो आणि म्हणालो, "बेटा, असा एक नमुना हाताने बनवून देशील का?" तो म्हणाला, "चाचा, बनवीन. पण काय हवे ते आधी नीट कागदावर द्या."

मग मी अभ्यासाला लागलो. कॅनडातील एडगर मटायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक युक्ती प्रसिद्ध केली होती. कीबोर्डचा अर्धाच भाग ठेवायचा. अंगठ्याखालचे बटण दाबून धरले की दुसऱ्या अर्ध्या भागातील अक्षरे आरशातल्याप्रमाणे उलटून त्याच बोटांखाली येतात. आपल्या मराठीलाही हे सोयीचे आहे. १९८६ पासून चालत आलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत मात्रा डाव्या हाताला व बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. 'कि' लिहायचे तर अंगठा दाबून मधल्या बोटाने 'क' घ्यायचा आणि अंगठा सोडून शेजारच्या बोटाने वेलांटी द्यायची.

खर्च आवाक्यात कसा राहिला, हे विद्यार्थ्यांनी मुद्दाम ऐकावे. जर्मनीच्या चेरी कंपनीच्या स्विचचे जुने पेटंट संपल्यापासून त्याच मापाचे स्विच इतर कारखानेही स्वस्तात बनवितात. आम्ही पाच ओळी व सहा रांगा मिळून ३० बटणे घेतली. प्रत्येक बटणाला वेगळी तार न देता ओळींच्या ५ आणि रांगांच्या ६ अशा ११ तारांत काम भागते. मात्र प्रत्येक स्विचला एक डायोड लावावा लागतो. तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो. नाही तर एकदम तीन बटणे दाबली असता न दाबलेले चौथेही दाबल्यासारखे वाटते. मेंदूच्या जागी रास्पबेरी पाय पिको ही लहानशी पट्टी बसविली. २०२१ साली ती निघाली तेव्हा तिची किंमत अवघी ४ डॉलर होती. ती चालविणारी क्यूएमके नावाची आज्ञावली तर फुकट मिळते, आणि हात बदलण्याची सोय तिच्यात आधीच आहे.

उरली मजुरी. दीड मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात १४ मिलिमीटरचे चौकोन, एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १९.०५ मिलिमीटर, अशी ३० भोके त्या मुलाने कानशीने घासून काढली. दुकान बंद केल्यावर रात्री बसून त्याने प्रत्येक डायोड हाताने सोल्डर केला.

नमुना तयार झाला. मी मोठ्या अभिमानाने तो मुलीपुढे ठेवला. तिने एक पान लिहिले, अंगठा चोळला आणि हळूच म्हणाली, "अब्बा, काम सुरेख झाले आहे. पण हे माप तुमच्या हाताचे आहे, माझ्या नाही."

बंधुभगिनींनो, मी खजील झालो. अंगठ्याचे बटण कोठे असावे हे मी माझ्या जन्मभराच्या सवयीने ठरविले होते. जिच्यासाठी हा खटाटोप, तिला एकदाही विचारले नव्हते. ते बटण तिला सारखे दाबून धरायचे होते आणि त्यासाठी अंगठा आत मुडपावा लागत होता.

दुसऱ्या दिवशी तिनेच कागदावर आपला पंजा ठेवून पेन्सिलीने रेघ काढली. त्यावरून पुठ्ठ्याची पाटी कापली, तीवर बोटे ठेवून पाहिली, अंगठ्याचे बटण उजवीकडे व थोडे खाली सरकविले. दोन पुठ्ठे फुकट गेले, तिसरा बरोबर बसला. मग पत्रा कापला. पुठ्ठा आधी कापला असता, तर त्या मुलाचे कित्येक रात्रींचे श्रम वाचले असते. पहिल्या पत्र्याची मजुरी तो घेईना. मी म्हणालो, "चूक माझी, मेहनत तुझी; तेव्हा पैसे घेतलेच पाहिजेत." स्विच आणि डायोड काढून पुन्हा वापरता आले, त्यात बचत झाली. कारागिराच्या घामात बचत शोधू नये.

दोन हातांचा वेग तिला आला नाही, हे खरे सांगतो. पण मनगटाची सूज थांबली, आणि आपली कागदपत्रे ती आता स्वतः लिहिते.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे. मुलांचा अभ्यासक्रम, त्यांचा पेशा, त्यांचे पुढचे आयुष्य यांचा पत्रा कापण्यापूर्वी एकदा त्यांचा पंजा कागदावर ठेवू द्या. आणि विद्यार्थी मित्रहो, विचारले गेले तर संकोच न करता आपले माप नेमके सांगा. विचारले गेले नाही, तर माझ्या मुलीप्रमाणे अदबीने, पण स्पष्ट सांगा.