नको असलेले रणगाडे

लष्कर आणि लोकशाही म्हटले की आपल्यासमोर पाकिस्तान येतो. १९५८ साली अयुब खान, १९७७ साली झिया, १९९९ साली मुशर्रफ. ते सर्वांना दिसते. अमेरिकेत तसे घडले नाही. तरीही १७ जानेवारी १९६१ रोजी निरोपाच्या भाषणात अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी लष्कर आणि शस्त्रउद्योग यांच्या युतीपासून देशाला सावध केले. ते स्वतः सेनानी होते, हे विसरू नका.

पन्नास वर्षांनी काय झाले? २०१२ साली लष्करप्रमुख ओडिएर्नो यांनी संसदेला सांगितले, अब्राम्स रणगाड्यांवर आत्ता खर्च नको. तरी दोन्ही पक्षांच्या खासदारांनी पैसे मंजूर केले! रणगाड्यांचा कारखाना ओहायोतल्या लायमा शहरात आहे आणि सुटे भाग पुरवणारे अनेक राज्यांत पसरलेले. खासदारांचे म्हणणे, कारखाना थांबला तर कुशल कामगार परत मिळणार नाहीत. ते अगदीच खोटे नाही. त्या कामगारांना मी दोष देणार नाही, त्यांची चूल त्यावरच पेटते. पण शाळा, दवाखाने बांधूनही चूल पेटतेच की! त्या मागणीसाठी खासदारांच्या दारात कंपन्यांचे पगारी वकील उभे नसतात.