दोन चांगल्यांतून एक निवडताना

(मंडळाच्या रविवारच्या व्याख्यानमालेत केलेले भाषण)



"ख्रिस्ती माणूस रोजच्या जगण्यात विवेक कसा करतो?" यावर बोल, असं कार्यकारिणीने मला सांगितलं. मी फादर नाही की धर्मशास्त्राचा अभ्यासक नाही. कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, कन्सल्टिंग करतो आणि वसईच्या कॅथोलिक घरात वाढलोय. तेव्हा हे 'युजर'चं मनोगत समजा.

'विवेक' हा शब्द आपल्या सगळ्यांच्या घरातला. समर्थांनी दासबोधात त्यावर केवढा भर दिला आहे! आम्हीही तोच शब्द वापरतो, त्यात एक भर घालतो. देव वाट दाखवतो आणि ती मनातल्या हालचालींतूनही उमगते, ही आमची श्रद्धा. पण मनात येणारा प्रत्येक विचार देवाचाच असतो असं नाही. भीती, अहंकार, नातेवाइकांचे टोमणे, सगळेच आत बोलत असतात. म्हणून पारख हवी.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. चाळीस तास काम करून टाइमशीटवर पंचेचाळीस लिहायचे का, यासाठी प्रार्थनेला बसायची गरज नाही. ते चूकच. विवेक लागतो तो दोन चांगल्या गोष्टींतून एक निवडताना.

ही रीत ज्यांनी नीट मांडली ते संत इग्नेशियस लोयोला, स्पेनमधल्या सरदार घराण्यातले. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी वाचायला शौर्यकथा मागितल्या, पण घरात होतं फक्त ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रं. कधी ते पराक्रमाची आणि एका उच्चकुलीन स्त्रीची स्वप्नं बघत, कधी संतांसारखं जगायची. मन दोन्हींत रमे. पण पहिली स्वप्नं ओसरली की मन कोरडं पडे आणि दुसऱ्यांनंतर समाधान टिकून राही. हा फरक त्यांनी टिपला. त्यातून पुढे 'स्पिरिच्युअल एक्सरसाइझेस' हे पुस्तक तयार झालं. १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी त्याला मान्यता दिली. इग्नेशियसच्याच जेज्विट संघातले फादर थॉमस स्टीफन्स. त्यांचं मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलं गेलं. म्हणजे ही परंपरा मराठीला काही परकी नाही.

आता माझ्या घरचं उदाहरण. २०१९ मध्ये पप्पा गेले आणि आई वसईला एकटी राहिली. २०२२ मध्ये मला बढतीची ऑफर आली. पगार चांगला, पण आठवड्याचे चार दिवस प्रवास. दुसरीकडे, सगळं गुंडाळून परत जावं असंही वाटायचं. कुटुंबाची घडी बसवणं चांगलं आणि आईजवळ राहणंही चांगलं. इथे बसलेल्या बहुतेकांना हा प्रश्न ओळखीचा असेल.

इग्नेशियस रोज थोडा वेळ दिवसाची उजळणी करायला सांगतात. आधी देवाचे आभार, मग दिवसभरात मन कुठे उमललं, कुठे आक्रसलं ते बघायचं, जिथे चुकलं तिथे क्षमा मागायची आणि उद्यासाठी बळ मागायचं. मुलं झोपली की मी पंधरा मिनिटं बसायचो आणि दोन ओळी वहीत लिहायचो. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग ठेवायचो. एका दिवसाच्या लॉगवरून काही कळत नाही, महिन्याभराच्या लॉगमध्ये पॅटर्न दिसतो.

मला दिसलं ते असं. 'आत्ताच्या आत्ता परत जा' ही घाई बहुधा कुणीतरी फोनवर टोचून बोललं की यायची आणि दुसऱ्या दिवशी विरायची. बढतीचा विचार दिवसा सुखवायचा, रात्री मन रिकामं करायचा. शांत वेळी मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वर यायची: आईला वर्षातून काही महिने आपला सलग सहवास द्यावा.

त्यांचे आणखी दोन नियम उपयोगी पडले. मन खचलेलं असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही. आणि अगदी अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला काय सल्ला द्याल, तो स्वतःला द्या. शिवाय एकट्याच्या मनावर भिस्त नको, म्हणून बायकोशी आणि चर्चमधल्या एका वडीलधाऱ्या फादरांशी बोललो. आईलाही विचारलं. ती म्हणाली, "अरे, पोरांच्या शाळेचं बघ आधी. मग काय ते ठरव."

शेवटी बढती नाकारली. कमी पगाराचं काम घेतलं, पण वर्षातले तीन महिने वसईहून काम करायची मुभा मागून घेतली. २०२३ पासून ते चालू आहे. सगळं सुरळीत आहे असं नाही. रात्री दोनला क्लायंटचे कॉल असतात, मुलीला सुट्टीत इथल्या मैत्रिणी हव्या असतात, हप्ते भरताना हिशेब जुळवावा लागतो. पण आतलं समाधान अजून टिकून आहे. निर्णय सोपा ठरला का, यापेक्षा अडचणींतही ते समाधान टिकलं का, ही खूण मी जास्त मानतो.

तुमचा प्रश्न वेगळा असेल, उत्तरही वेगळं निघेल. देवाचं नाव तुम्ही कुठलंही घेत असाल, आज रात्री झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटं टीव्ही आणि फोन बंद करून दिवस आठवून बघा. मोठे निर्णय एका दिवसात होत नाहीत, त्यांची तयारी अशी रोज थोडी थोडी होते.

तुम्हा सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा, आणि नाताळात आमच्या घरी फराळाला जरूर या.