मुलाच्या रक्ताचा अहवाल वाचताना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील कुटुंब-मेळाव्यात केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे. कला शाखेचा साधा पदवीधर आहे आणि माझे आयुष्य केंद्र सरकारच्या फायली वाचण्यात गेले. तरीही आज रक्ततपासणीविषयी बोलण्याचे धाडस करतो आहे, कारण एका अहवालाने आमच्या घराला बरेच काही शिकविले.

माझी नात तीन वर्षांची. शाळाप्रवेशाच्या निमित्ताने तिचे रक्त तपासले. सायंकाळी मोबाईलवर अहवाल आला. हिमोग्लोबिन १०.१, आणि आणखी तीन-चार आकडे ठळक अक्षरांत, शेजारी बाण. मुलगी अंगणात खेळत होती आणि आम्ही घरात सुन्न बसलो होतो. पुण्या-नागपूरचे फोन सुरू झाले. कोणी बीट सुचविले, कोणी खारीक, तर कोणी दबक्या आवाजात कर्करोगाचे नाव घेतले. घरापासून दूर राहणाऱ्यांना सल्ला मुबलक मिळतो. पाठीवर हात ठेवणारे माणूस मात्र जवळ नसते.

पुढे बालरोगतज्ज्ञांनी शांतपणे जे समजावले, ते आपणांस सांगतो. अहवालातील 'सामान्य मर्यादा' बहुधा शंभर निरोगी माणसांपैकी पंच्याण्णवांच्या आकड्यांवरून ठरते. म्हणजे वीस चाचण्या केल्या तर धडधाकट माणसाचाही एखादा आकडा मर्यादेबाहेर जाऊ शकतो. शिवाय अनेकदा छापलेली मर्यादा मोठ्यांची असते. लहान मुलांच्या रक्तात लिम्फोसाइट पेशी मोठ्यांहून अधिक असतात. हाडे वाढत असल्याने अल्कलाइन फॉस्फटेजही चढे असते. नमुना घेताना पेशी फुटल्या तर पोटॅशियम वाढलेले दिसते. प्लेटलेट्सच्या गुठळ्या झाल्या तर यंत्र त्या कमी मोजते. आपल्या दिल्लीत डेंग्यूच्या दिवसांत या शेवटच्या गोष्टीने किती घरांची झोप उडत असेल! म्हणून एका बाणावरून शेरा मारू नये. मूल कसे आहे ते पाहावे, वयाची मर्यादा विचारावी आणि डॉक्टर म्हणतील तेव्हा तपासणी पुन्हा करावी. मात्र मूल फिकट, मलूल दिसत असेल, ताप उतरत नसेल, अंगावर निळे डाग उठत असतील, तर क्षणभरही थांबू नये.

आमच्या नातीला आधी लोहाचे औषध दिले गेले. तीन महिने झाले, तरी हिमोग्लोबिन जागचे हलले नाही. तेव्हा या डॉक्टरांनी जुना अहवाल पुन्हा काढला. आम्ही सारे हिमोग्लोबिनकडे पाहत होतो. त्यांनी शेजारचे दोन आकडे पाहिले. तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान ६०, म्हणजे फारच लहान; आणि पेशींची संख्या ५.४, म्हणजे भरपूर. ६० ला ५.४ ने भागले की ११ येतात. हा भागाकार १३ च्या खाली असेल तर लोहाच्या कमतरतेपेक्षा थॅलसेमियाच्या वाहकतेची शंका घ्यावी, असा मेंट्झर यांनी १९७३ साली सांगितलेला ठोकताळा आहे. तो केवळ इशारा, निदान नव्हे. शरीरातील लोहाचा साठा मोजला, तो व्यवस्थित होता. मग हिमोग्लोबिनच्या प्रकारांची चाचणी झाली. ए-टू हा प्रकार साडेतीन टक्क्यांपर्यंत असावा, तो ५.१ निघाला. नात थॅलसेमियाची वाहक होती. वाहक म्हणजे रोगी नव्हे. ती सर्वांसारखे आयुष्य जगेल. विनाकारण लोह मात्र द्यायचे नाही.

मग आमची तपासणी झाली. मुलगी वाहक, आणि मीही वाहक! माझ्या आईला जन्मभर 'रक्त कमी आहे' म्हणून गोळ्या दिल्या गेल्या. त्या गोळ्यांचा अर्थ कदाचित मला छप्पन्नाव्या वर्षी उमगला.

आता खरी कसोटी होती. मुलीला दुसऱ्यांदा दिवस गेले होते, नववा आठवडा. जावई पंजाबी, फाळणीनंतर दिल्लीत स्थिरावलेल्या पंजाबी आणि सिंधी समाजांत ही वाहकता तुलनेने अधिक आढळते. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणी थॅलसेमिया मेजरची शक्यता चारात एक. अशा बालकाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, बहुधा आयुष्यभर.

एक गोष्ट कबूल करतो. माझा पहिला विचार हे व्याह्यांपासून लपविण्याचा होता. आपल्या लेकीच्या रक्तात दोष निघाला असे कोणी म्हणू नये, ही बापाची भीती. मुलगीच म्हणाली, "बाबा, फाईल दाबून ठेवली म्हणजे प्रश्न सुटतो का?" तीस वर्षे सरकारात काढलेल्या माणसाला याहून नेमका टोला कोण देणार? त्याच संध्याकाळी मी व्याह्यांकडे गेलो. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी जावयाबरोबर स्वतःचेही रक्त दिले. चार दिवसांनी अहवाल आला. जावई वाहक नव्हते. त्या रात्री दोन्ही घरे एकत्र जेवली.

दोघेही वाहक निघाले असते तरी मार्ग होता; साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची चाचणी करता येते. पण त्यासाठी आधी ठाऊक असावे लागते. सायप्रस बेटावर हा आजार एके काळी फार होता. १९७० च्या दशकापासून वाहक शोधण्याची मोहीम चालली आणि नव्या बाधित बालकांचे जन्म जवळजवळ थांबले. आपल्या विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेलही असाच आनुवंशिक आहे. त्याच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली.

मंडळाच्या वधूवर-सूचीत आपण पत्रिका, शिक्षण, उंची, पगार सारे लिहितो. विवाहेच्छू तरुण-तरुणींना ही एक चाचणीही करून घ्यायला सांगा. नाते मोडण्यासाठी नव्हे, डोळसपणे जोडण्यासाठी. आणि लेकराच्या अहवालावर बाण दिसला तर घाबरू नका. पण तो अहवाल कपाटातही ठेवू नका. फाईल पूर्ण वाचा.

माझा नातू आता पाच महिन्यांचा आहे. आज तो याच सभागृहात आहे, आणि माझे भाषण लांबल्याची तक्रार मघापासून करतो आहे. तेव्हा येथेच थांबतो.