मांडव कोणाचा?



"तू कॉम्प्युटरवर नेमकं करतेस काय?" असं सकाळपासून तिघांनी विचारलं. मी गेम बनवणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. आपलं गॅदरिंग आठवा. नाटक आपलं, पण मांडव, पडदा, दिवे मांडववाल्याचे. गेममध्येही गोष्ट आणि चित्रं आपली. उडालेला चेंडू खाली कसा यावा, सावली कुठे पडावी, हे सांभाळणारं इंजिन बहुधा दुसऱ्याचं, परवान्यावर घेतलेलं.

12 सप्टेंबर 2023 रोजी युनिटी या इंजिनाच्या कंपनीने जाहीर केलं, की 1 जानेवारीपासून प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे शुल्क. सर्वांत साध्या परवान्याला वर्षाची कमाई 2 लाख डॉलर आणि एकूण इन्स्टॉल 2 लाख झाले की अमेरिकेसारख्या देशांत 20 सेंट, म्हणजे तेव्हाचे साधारण 16 रुपये. भारतासारख्या देशांत बरंच कमी. आधीच बाजारात आलेले गेमही त्यात. म्हणजे तिसरा अंक रंगात आलाय आणि मांडववाला म्हणतोय, आता प्रेक्षकामागे पैसे! बरं, कित्येक गेम फुकट असतात. समजा, जाहिरातींतून खेळाडूमागे 8 रुपये मिळतात. मग गेम जितका गाजेल तितका खड्डा.

गेमचा मोठा खर्च पगारांचा. त्यापुढे इंजिनाचे पैसे सहसा किरकोळ. पण माणसं किती ठेवायची हे आपल्या हातात असतं, आणि अर्ध्यात इंजिन बदलायचं तर वर्षांचं काम पुन्हा करावं लागतं. लोक चिडले ते म्हणून.

दहा दिवसांत अटी सैल झाल्या, ऑक्टोबरात कंपनीचे प्रमुख गेले, वर्षाने शुल्कच रद्द झालं. वरच्या परवान्यांची वर्गणी तेवढी वाढली. मांडववाल्यालाही घर चालवायचं असतंच म्हणा!

आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीच्या लेकीने मध्यंतरी विचारलं, "मावशी, मी कोणतं इंजिन घेऊ?" अनरियल गेमच्या पहिल्या 10 लाख डॉलर कमाईवर काही घेत नाही, पुढे 5 टक्के. गोडो मुक्त आहे, रॉयल्टी नाही. पण मोबाइलवर जाहिराती जोडण्यासारखी कामं बरीचशी स्वतःच निस्तरावी लागतात. मी म्हटलं, दर नंतर बघ, आधी अटी बदलायचा हक्क कोणाकडे आहे ते वाच. तिने खरंच वाचलं आणि गोडो घेतलं. सध्या तिचा खेळाडू पुलावरून चालताना थेट नदीत पडतो. ते दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आलंय.